मातीखालचा हिवाळा

इंग्लंडमधल्या बागांत राहिलेले एक कासव पन्नासहून अधिक हिवाळे जगले. ते १७४० च्या सुमारास तिथे आले आणि १७९४ च्या वसंत ऋतूत मेले. विसाव्या शतकात त्याच देशात त्याच जातीची लाखो कासवे लोकांनी हौसेने घरी नेली. त्यांतल्या बहुतेकांना पहिले काही हिवाळेसुद्धा पार करता आले नाहीत. प्राणी तोच, देश तोच, आणि मधल्या काळात जीवशास्त्र तर कितीतरी पुढे गेले होते. मग असे का झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडा इतिहास, थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे शरीरक्रियाशास्त्र लागते. उपकरणे मात्र तीनच लागतात : तराजू, तापमापक आणि मोजपट्टी. म्हणूनच शाळेत चर्चेला घेण्यासाठी हा विषय आम्हाला चांगला वाटतो.

कोणते कासव?

मराठीत समुद्रातले, नदीतले, तळ्यातले आणि जमिनीवरचे, अशा सगळ्यांना आपण कासवच म्हणतो. इथे आपण बोलणार आहोत ते फक्त जमिनीवर राहणाऱ्या, पाला खाणाऱ्या कासवांबद्दल. त्यातही भूमध्य समुद्राच्या आसपास आढळणाऱ्या जातींबद्दल. मोरोक्कोपासून तुर्कस्तान आणि त्यापलीकडे इराणपर्यंत पसरलेली 'टेस्टुडो ग्रीका' ही त्यातली एक प्रमुख जात.

कासवाचे शरीर आपल्यासारखी स्वतःची उष्णता राखत नाही. बाहेर ऊन असेल तर ते तापते, बाहेर गारठा असेल तर तेही गार होते. भूमध्य प्रदेशात हिवाळा गार असतो. अशा वेळी अन्न खाल्ले तरी पचवण्याइतकी ऊब शरीरात येत नाही. मग कासव खाणे थांबवते, माती उकरून आत शिरते आणि हवा पुन्हा तापेपर्यंत निश्चल पडून राहते. हीच शीतनिद्रा. 'निद्रा' हा शब्द सोयीचा आहे एवढेच. रोजच्या झोपेशी तिचा फारसा संबंध नाही. सगळ्या शरीरव्यापाराचीच गती तिच्यात मंदावते.

पाळकाची नजर

आपल्या गोष्टीतल्या कासवाचे नाव टिमथी. चिचेस्टर गावात एका खलाशाकडून ते अर्धा क्राउन देऊन विकत घेतले होते, असे सांगतात. ससेक्स परगण्यातल्या रिंगमर या गावी स्नूक नावाच्या कुटुंबाच्या भिंतबंद अंगणात ते राहत असे. या घरच्या बाईंचा भाचा म्हणजे गिल्बर्ट व्हाइट. हा हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावचा पाद्री. रोजच्या नोंदी ठेवणारा निसर्गनिरीक्षक म्हणून आज त्याची ओळख आहे. १७८९ साली प्रसिद्ध झालेले सेलबोर्नच्या निसर्गेतिहासावरचे त्याचे पुस्तक तेव्हापासून सतत छापले जात आहे.

हिवाळ्यात प्राणी कुठे जातात, हा व्हाइटच्या मनातला जुना प्रश्न होता. थंडीत दिसेनाशा होणाऱ्या भिंगऱ्या परदेशी जातात, की त्यातल्या काही इथेच बिळाकपारीत गारठून पडून राहतात? दुसऱ्या शक्यतेचा मोह त्याला शेवटपर्यंत सोडवला नाही, पण तशी एकही भिंगरी त्याला सापडली नाही. (इंग्लंडमध्ये १९११ साली पायात वाळा घातलेली एक भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात सापडली, तेव्हा कुठे हा वाद खऱ्या अर्थाने मिटला.) आत्याच्या अंगणातले कासव मात्र हिवाळ्यात खरोखरच नाहीसे होत होते, आणि तेही डोळ्यांदेखत.

१ नोव्हेंबर १७७१ रोजी व्हाइटने टिमथीला माती उकरायला सुरुवात करताना पाहिले. पुढच्या पायांनी माती खरवडायची आणि मागच्या पायांनी ती पाठीवर लोटायची. ही हालचाल इतकी संथ, की घड्याळाच्या तासकाट्याशीच तिची तुलना करावी असे व्हाइटला वाटले. दिवसरात्र काम चालू असूनही १३ नोव्हेंबरपर्यंत ते पुरे झाले नव्हते. मधेच हवा उबदार झाली की काम थांबे. व्हाइटने आणखीही एक गोष्ट नोंदवली. वसंतात बाहेर आल्यावर टिमथीला फारशी भूक नसते. भर उन्हाळ्यात ते अधाशासारखे खाते. उन्हाळा ओसरू लागला की भूकही ओसरते, आणि मातीत शिरण्याआधीचे सुमारे सहा आठवडे ते जवळजवळ काहीच खात नाही. पावसाची त्याला फार धास्ती. एवढे भक्कम कवच असूनही सर आली की ते आडोसा शोधते. शरद ऋतूत ऊन तिरपे झाले की ते भिंतीला टेकून आपले कवच कलते करते, म्हणजे जास्तीत जास्त ऊन अंगावर पडावे.

मार्च १७८० मध्ये आत्या वारली. व्हाइटने कासवाला मातीतून उकरून काढले, तेव्हा ते फुसफुसून नाराजी दाखवण्याइतके जागे झाले होते. खोक्यात मातीसकट घालून भाड्याच्या घोडागाडीतून त्याने ते सुमारे ऐंशी मैल दूर सेलबोर्नला आणले. बागेत सोडल्यावर टिमथीने दोन फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा भुसभुशीत मातीत स्वतःला पुरून घेतले. त्यानंतर व्हाइटने त्याला पाण्याच्या टबात घालून पाहिले (ते तळाशी जाऊन चालू लागले!), कर्ण्यातून मोठमोठ्याने हाका मारून पाहिल्या (त्याने लक्ष दिले नाही) आणि वेळोवेळी तराजूत तोलून पाहिले. वजन सुमारे पावणेसात पौंड, म्हणजे तीन किलोच्या आसपास भरत असे.

व्हाइटने टिमथीला झोपायची जागा करून दिली नाही. ती त्याची त्यानेच निवडली. व्हाइटने पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले. बाकी बहुतेक काम मातीने केले.

माती काय करते?

डिसेंबर १७८४ मध्ये सेलबोर्नला फार कडाक्याची थंडी पडली. दोन दिवस जोरदार बर्फ पडले आणि १० तारखेच्या रात्री व्हाइटच्या तापमापकातला पारा फॅरनहाइटच्या शून्याखाली एक अंशावर गेला. म्हणजे सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस! त्याचा दुसरा तापमापक तर इतकी थंडी दाखवण्यासाठी आखलेलाच नव्हता. त्यातला पारा फुग्याकडे उतरून दिसेनासाच झाला. टिमथी त्या वेळी बागेतच होते, आणि त्यानंतर ते आणखी नऊ वर्षे जगले.

हे कसे शक्य झाले? मातीतून उष्णता फार हळू वाहते. दिवसा तापलेल्या जमिनीची उष्णता थोडी खोल जाते न जाते तोच रात्र होते आणि प्रवाह उलटा फिरतो. त्यामुळे खोलीबरोबर तापमानातला रोजचा चढउतार झपाट्याने घटतो. सर्वसाधारण मातीत दर १२ सेंटिमीटरला तो सुमारे एक तृतीयांश उरतो, असा अंदाज गणिताने काढता येतो. म्हणजे पृष्ठभागावर दिवसरात्रीत २० अंशांचा फरक असेल, तर १२ सेंटिमीटरवर सुमारे ७ अंशांचा, आणि ३६ सेंटिमीटरवर जेमतेम एका अंशाचा. ऋतूंचा चढउतार मात्र महिनोन् महिने चालतो, म्हणून तो बराच खोल पोचतो. पण तोही उशिरा आणि सौम्य होऊन. हिवाळ्यातल्या जमिनीखाली उन्हाळ्याची थोडी शिल्लक असतेच. वर बर्फाचा थर असेल तर त्यात कोंडलेल्या हवेमुळे आणखी एक पांघरूण मिळते.

हे वर्गात सहज करून पाहता येईल. शाळेच्या आवारात सावली नसलेल्या जागी ५, १५ आणि ३० सेंटिमीटर खोलीवर सकाळी सातला आणि दुपारी दोनला तापमान घ्या. आठवडाभराच्या नोंदी आलेखावर मांडा. सर्वांत खालची रेघ जवळजवळ सपाट दिसेल. ती सपाट रेघ म्हणजेच कासवाचे घर.

शरीरात काय चालते?

शीतनिद्रेतले कासव जिवंत असते, म्हणजेच ते खर्च करीत असते. साठवलेली चरबी आणि ग्लायकोजेन हे त्याचे भांडवल. हा खर्च तापमानावर अवलंबून असतो. रासायनिक क्रियांची गती दर दहा अंशांना साधारण दोन ते तीन पट होते, हा नियम इथेही लागू पडतो. निरोगी कासवाचे वजन शीतनिद्रेत महिन्याला सुमारे एक टक्का घटते, असा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. तीन किलोचे कासव पाच अंश सेल्सिअसला पाच महिने पडून राहिले, तर ते सुमारे १५० ग्रॅम गमावेल. हीच जागा १५ अंशांची असेल आणि खर्च अडीच पट धरला, तर घट पावणेचारशे ग्रॅमच्या घरात जाईल. खायला तर काहीच नाही. असे कासव उपासाने खंगते.

दुसऱ्या बाजूला तापमान शून्याखाली गेले तर ऊतींमध्ये बर्फाचे स्फटिक होऊ लागतात. डोळे फार लवकर दुखावतात. हिवाळ्यातून जिवंत उठलेले पण आंधळे झालेले कासव पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. म्हणजे सुरक्षित पट्टा अरुंद आहे. पाच अंशांच्या आसपास राहावे, शून्याला स्पर्श होऊ नये आणि दहाच्या वर फार काळ जाऊ नये.

आणि अन्न? थंडीत पचन थांबते, पण आतड्यातल्या अन्नाचे कुजणे पूर्णपणे थांबत नाही. म्हणून शीतनिद्रेआधी तीनचार आठवडे अन्न बंद करून आतडे रिकामे होऊ द्यावे, पाणी मात्र द्यावे, असे आजचे तज्ज्ञ सांगतात. टिमथीच्या सहा आठवड्यांच्या उपासाची नोंद इथे आठवावी. कारण माहीत नसतानाही व्हाइटने जे लिहून ठेवले, ते नेमके होते.

खोक्यातला हिवाळा

विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, मोरोक्को, तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हिया या देशांतून कासवे पेट्यांत एकावर एक रचून ब्रिटनमध्ये येऊ लागली. ती स्वस्त होती, मुलांना देण्याजोगी होती, आणि 'हिवाळ्यात काही करावे लागत नाही' असे मानले जाई. बी.बी.सी. दूरचित्रवाणीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात १९६३ पासून एक कासव होते. दर शरद ऋतूत त्याला गवताने भरलेल्या खोक्यात निजवताना दाखवत. ते पाहून घरोघरी मुले तसेच करीत.

या खोक्यात भौतिकशास्त्राची एक चूक दडलेली होती. आपण गोधडी पांघरतो तेव्हा ऊब येते ती गोधडीतून नव्हे. आपल्या अंगातून निघणारी ऊब गोधडी अडवते, एवढेच. कासवाच्या अंगातून अशी ऊब निघतच नाही. त्याच्याभोवती कितीही गवत भरले तरी बाहेरची थंडी फक्त उशिरा पोचते. आठवडाभर कडाका टिकला तर ती पोचतेच. मातीखाली भोवताली प्रचंड उष्णतासाठा असलेली धरती असते. गॅरेजमधल्या खोक्याभोवती काय असते? गॅरेजमधली हवा. जानेवारीत ती गोठते आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार आठवड्यात तापून कासवाला अर्धवट जागे करते.

त्यात आणखी एक भर. प्रवासाने थकलेले, उशिरा आलेले आणि ब्रिटनच्या थंड उन्हाळ्यात पुरेसे खाऊ न शकलेले कासव मुळातच अशक्त असे. त्याच्यापाशी हिवाळा निभावण्याइतके भांडवलच नसे. वसंतात खोके उघडल्यावर मेलेले कासव हाती आले, तर 'झोपेतच गेले बिचारे' असे म्हणत. प्रत्यक्षात ते उपासाने, गोठून किंवा आधीच्या आजाराने मेलेले असे. कोणी वजन करून पाहिलेले नसल्यामुळे कारण कळत नसे. दुकानात दुसरे कासव मिळतच होते.

किती गोष्टी पाहायच्या राहून जातात, याचे एक गमतीदार उदाहरण सांगतो. 'ब्लू पीटर'मधल्या कासवाचे नाव आधी 'फ्रेड' ठेवले होते. पुढे ती मादी असल्याचे समजले आणि नाव 'फ्रीडा' झाले. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली 'क्वीन' या ब्रिटिश युद्धनौकेवर असलेले आणि पुढे डेव्हन परगण्यातल्या पाउडरहॅमच्या वाड्यात राहिलेले टिमथी नावाचेच दुसरे एक कासव होते. तेही मादी असल्याचे १९२६ साली कळले. (ते २००४ साली मेले.) आणि आपले टिमथी? त्याचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवले आहे. तेही मादीचेच आहे! मराठीत कासव नपुंसकलिंगी असल्यामुळे आमची लिहिताना सोय झाली इतकेच. नराची शेपटी लांब आणि पोटाकडचे कवच थोडे खोलगट असते. फरक डोळ्यांना दिसण्याजोगा आहे, पण तो माहीत असावा लागतो.

तराजू परत आला

बदल घडला तो दोन दिशांनी. युरोपीय समुदायाने १९८४ पासून भूमध्य प्रदेशातल्या रानटी कासवांचा व्यापार बंद केला. आता हातातले कासव गेले तर दुसरे सहज मिळणार नव्हते. त्याच सुमारास पशुवैद्य कासवांकडे गंभीरपणे पाहू लागले होते. ब्रिटनमधले पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी निरोगी आणि आजारी अशा अनेक कासवांची लांबी व वजन मोजून १९८० साली आलेख प्रसिद्ध केला. तत्त्व सोपे आहे. लांबी दुप्पट झाली की घनफळ, आणि त्याबरोबर वजन, सुमारे आठपट होते. त्यामुळे एवढ्या लांबीच्या कासवाचे वजन साधारण किती असावे, हे सांगता येते. त्याहून बरेच कमी भरले तर त्या वर्षी त्याला शीतनिद्रेत जाऊ देऊ नये. घरात ऊब, प्रकाश आणि अन्न देऊन हिवाळाभर जागे ठेवावे. हा आलेख टेस्टुडो ग्रीका आणि तिच्या जवळच्या एका जातीपुरताच आहे. इतर कासवांना तो लावू नये. पोटात अंडी असली तर तो फसवतोही.

आता अनेक जाणकार शीतकपाटात पाच अंशांवर कासवे ठेवतात. बागेत ठेवायचे तर जागा तशीच हवी : पाणी न साचणारा उंचवटा, एक फुटाहून अधिक खोल भुसभुशीत माती, वर पावसापासून आडोसा, उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी (निश्चल कासवाचे पाय उंदीर कुरतडतात), आणि शेजारी मातीत तापमापक. तोही कमाल-किमान दाखवणारा. आपल्या शाळांच्या भूगोल विभागात असतो तो सिक्सचा तापमापक जेम्स सिक्सने १७८० साली, म्हणजे टिमथी सेलबोर्नला आले त्याच वर्षी तयार केला, हा एक छान योगायोग. वसंतात उठलेल्या कासवाला आधी कोमट उथळ पाण्यात बसवून पाणी पिऊ द्यायचे, कारण महिनोन् महिने साचलेला उत्सर्ग मूत्रपिंडांना बाहेर टाकायचा असतो. अन्न त्यानंतर.

टिमथीच्या उदाहरणाबद्दल एक सावधगिरी बाळगायला हवी. त्या काळी इंग्लंडमध्ये आणलेली पण लवकर मेलेली कासवे इतिहासात नोंदली गेली नाहीत. जे जगले त्याचीच गोष्ट उरली. त्यामुळे 'पूर्वीचे पाळक शहाणे आणि नंतरचे अडाणी' असा निष्कर्ष काढता येणार नाही. बागेत सोडलेले प्रत्येक कासव वाचेल, असेही नाही. एका उदाहरणाने सिद्ध काहीच होत नसते. त्याने प्रश्न मात्र नीट विचारता येतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रात देवळाच्या मंडपात दगडी कासव असते, आणि घरात कासव ठेवले की भरभराट होते असा समजही आढळतो. त्यापायी पकडले जाते ते बहुधा पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा-कासव. ते भारतीय उपखंडातलेच आहे. भूमध्य कासवांसारखी लांब शीतनिद्रा ते घेत नाही. पावसाळ्यात ते अधिक फिरते, आणि फार कोरड्या वा फार गरम दिवसांत दडून राहते. परदेशी पुस्तक वाचून त्याला थंडीत खोक्यात कोंडणे म्हणजे त्याचा जीव घेणे. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणे गुन्हा आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. कोणा विद्यार्थ्याच्या घरी असे कासव असेल, तर ते परस्पर रानात किंवा विहिरीत न सोडता वनखात्याकडे द्यावे.

मग हा विषय आपल्या वर्गात कशाला? कारण 'मदत' या शब्दाचा अर्थ इथे फार स्पष्ट होतो. कासवाला हिवाळा काढणे आपण शिकवत नाही. ते त्याला लाखो वर्षांपासून येते. त्याची माती, त्याचे ऊन, त्याचा उपास आपण काढून घेतला, तर त्यांच्या जागी काय द्यायचे हे मात्र आपल्याला मोजूनच ठरवावे लागते. मऊ गवत आपल्या हाताला उबदार लागते म्हणून ते कासवालाही ऊब देईल, असे मानणाऱ्या लोकांचे प्रेम खोटे नव्हते. त्यांनी फक्त तापमापक लावला नव्हता.